रबरमावशी आणि बारा पोन्या

शाळेच्या बसमध्ये मुलींना नीट चढवायचं आणि नीट उतरवायचं, एवढंच मावशीचं पगारी काम. केस बांधायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलेलं. डाव्या मनगटात कायम दहा-पंधरा रंगीत रबरबँड, म्हणून अख्खी शाळा तिला रबरमावशी म्हणायची.

ही विद्या तिला घरातच मिळाली. वहिनी पहाटेच्या पाळीला कारखान्यात जायची आणि तीन भाच्यांची तीन डोकी आत्याच्या, म्हणजे हिच्या ताब्यात यायची. थोरलीचे केस दोरखंडासारखे जाड, मधलीचे इतके गुळगुळीत की रबर लावताच घसरे, आणि धाकटीच्या डोक्यावर नुसती कुरळ्यांची झुंबड. सुरुवातीला हिनं तिघींचे केस एकाच हिसक्यानं ओढले. तिघींनी घर डोक्यावर घेतलं. मग हळूहळू तिच्या बोटांना कळत गेलं, की आधी केस चाचपायचे, मग कंगवा उचलायचा.

बसमध्ये हेच चाले. खिडकीच्या वाऱ्यानं विस्कटलेली मुलगी आली, की मावशी तिला गुडघ्यात धरून बसवायची. "ए बये, मान सरळ." सिग्नल हिरवा होईस्तोवर पोनी तयार!

त्या वर्षी शाळेत कवायतीच्या नव्या बाई आल्या. तरुण, चटपटीत, शिस्तीच्या पक्क्या. वार्षिक कार्यक्रमात बारा मुली रिंगा घेऊन कवायत करणार होत्या आणि बाईंचा हुकूम होता: बाराही पोन्या डोक्याच्या अगदी शेंड्यावर, घट्ट, चापूनचोपून. तालमीच्या दिवशी बाई जेलचा डबा आणि पोन्यांची उंची मोजायला चक्क पट्टी घेऊन उभ्या राहिल्या.

त्या दुपारी लांब, जाड केसांची मुलगी कपाळ धरूनच बसमध्ये चढली. मावशीला राहवलं नाही. ती खाली उतरून फाटकाशी उभ्या बाईंकडे गेली. "बाई, हिचे केस जड आहेत हो. एवढं ओझं एका रबरावर टांगलं, तर डोकं ठणकणारच."

"मावशी, तुम्ही बस सांभाळा. पोन्या मी बघते."

मावशी पाय आपटत बसमध्ये परत चढली.

कार्यक्रमाला ती ड्रायव्हरशेजारी शेवटच्या रांगेत बसली होती. पडदा वर गेला, बारा पोन्या ऐटीत उभ्या. पहिल्या दोन मिनिटांत गुळगुळीत केसांच्या दोघींच्या पोन्या मानेवर आल्या. मग कोलांटी सुरू झाली आणि जाड केसांवरचं रबर फाटकन तुटलं. ते उडालं ते थेट पाहुण्यांच्या चष्म्यावर. सभागृह खो-खो हसलं. कुरळ्या केसांच्या मुलीच्या डोक्यावर जेल वाळून त्याची पापडी झाली होती. तिची पोनी एका बाजूला कलली, तशी ती मधोमध थबकली, दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि रडायलाच लागली. घाईघाईनं पडदा पडला.

कवायतीचा दुसरा भाग बाकी होता. मध्ये बालवर्गाची दोन गाणी, म्हणजे जेमतेम दहा मिनिटं. मावशीला कुणी बोलावलं नव्हतं. ती उठली आणि तडक पडद्यामागे गेली.

बाईंचा चेहरा पांढराफटक. "सगळ्या सारख्या दिसायला हव्यात हो," त्या पुटपुटल्या.

"दिसतील. उंची एकच ठेवू, मानेच्या जरा वर. फीत एकाच रंगाची. आत बांधणी मात्र जिची तिची. तुम्ही पिना द्या."

आणि बाई मुकाट्यानं पिना देऊ लागल्या.

जाड केसांचे मावशीनं दोन भाग केले. वरचा आधी बांधला, मग खालचा त्यात मिळवला, म्हणजे भार वाटला गेला. गुळगुळीत केस मुळाशी उलट्या कंगव्यानं थोडे खरखरीत केले, खालून दोन पिना फुलीसारख्या खोचल्या. कुरळ्या मुलीला कंगवा लावलाच नाही. ओल्या बोटांनी पापडी सोडवली, कापडाचं सैल रबर घातलं आणि कुरळे मोकळे सोडले. "बघ, कारंजं झालंय!" मुलगी नाक पुसत आरशाकडे वळली. बाकीच्यांनी एकमेकींच्या पोन्या खाली ओढून घेतल्या.

दुसरा भाग झकास झाला. मुली उड्या मारत होत्या, गिरक्या घेत होत्या आणि कुणाचाही हात डोक्याकडे गेला नाही. मावशी पडद्याच्या फटीतून बघत होती. श्वास सोडायचं तिला शेवटच्या टाळ्यांनाच सुचलं.

मुली बसकडे पळाल्या. मावशी खाली पडलेल्या पिना वेचत होती, तेव्हा बाई दार लोटून परत आल्या. त्या नेहमी खेळाची टोपी घालायच्या. आता ती हातात होती. मोठ्या आजारपणानंतर उगवलेले केस विरळ होते, खांद्याला जेमतेम टेकणारे.

"त्या दिवशी मी तुम्हाला फार तोडून बोलले," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "अशा केसांची होते का हो पोनी?"

मावशीनं केस चाचपले. "का नाही? वर एक छोटी, तिच्याखाली दुसरी. पहिलीचं टोक दुसरीवर पडतं, मग कुणाला कळतंय! बसा."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाई दचकून उठायला लागल्या.

"वाजवू दे त्याला," मावशी दातांत पीन धरून म्हणाली. "तुम्ही हलू नका."