चौथ्या नंबरचा पुरावा

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत शाइस्ताभाभी बागवान यांच्यासमोर कॅरमला बसणं म्हणजे हरायला बसणं. हरवल्यावर त्या चहा पाजतात, म्हणून आम्ही हरायला अगदी वेळेवर जातो.

तरुणपणी त्या कोलंबोला आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून आल्या होत्या, हे मात्र आम्हाला कळलं इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशातून. आंतरराष्ट्रीय कॅरम स्पर्धांवरच्या लेखात त्यांचं नाव होतं : महिला एकेरी, तिसरा क्रमांक. सोसायटीचे अध्यक्ष बाबुराव यांनी रविवारी सत्कार जाहीर करून टाकला. भाभींच्या यजमानांनी, कासिमभाईंनी, वाघोलीपर्यंतचे व्याही बोलावले. आजवर भाभी 'कासिमभाईंच्या मिसेस' होत्या. आता कासिमभाई 'शाइस्ताभाभींचे मिस्टर' झाले होते, आणि ही बढती त्यांना भलतीच मानवली होती.

अडचण एवढीच, की भाभींचा नंबर चौथा आला होता.

लेखाखालच्या चर्चापानावर त्यांनी माझ्याकडून दुरुस्ती सुचवून घेतली. संपादकांचं उत्तर आलं : स्वतःविषयी स्वतः सांगितलेलं चालत नाही, छापील पुरावा द्या. 'तिसरा' लिहिणाऱ्याला कुणी काही विचारलं नव्हतं. हरल्याचा मात्र पुरावा हवा होता.

बागवानांच्या घरात अबोला सुरू झाला. एका नंबरानं कुणाचं काय बिघडतं, असं कासिमभाईंचं म्हणणं. जी खरोखर तिसरी आली तिचं बिघडतं, असं भाभींचं.

"अहो, स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला की मिळवलेली सोंगटी परत द्यावी लागते," त्या शेवटी म्हणाल्या. "अंपायरचं लक्ष नसलं तरी."

रविवारी हॉल भरला. मागे भलामोठा फ्लेक्स : 'तृतीय क्रमांक'. माइक हातात आला की मी खरं सांगणार, असं भाभींनी घरून निघतानाच सांगून ठेवलं होतं. कासिमभाई पहिल्या रांगेत व्याह्यांशेजारी बसून रुमालानं मान पुसत होते. पंखा त्यांच्याच डोक्यावर होता.

तेवढ्यात स्थानिक वर्तमानपत्राची बातमीदार शेफाली त्यांच्यापाशी आली आणि तिनं मॅडमचा नंबर नक्की कितवा, म्हणून विचारलं. स्टेजवरून भाभी बघत होत्या. कासिमभाईंनी फ्लेक्सकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं, मग भाभींकडे.

"चौथा," ते म्हणाले. "आणि नीट छापा. तिला पुरावा लागतोय."

बाबुराव शाल उलगडून तसेच उभे राहिले.

"अहो कासिमभाई, फ्लेक्स छापून झालाय."

"मग चौथ्या नंबरला शाल द्यायची नाही, असा ठराव आहे का सोसायटीचा?"

बाबुरावांनी शालीच्या दोन्ही बाजू तपासल्या. "हिच्यावर काही नंबर घातलेला दिसत नाही," म्हणाले, आणि भाभींच्या खांद्यावर घातली. भाभी शालीकडे बघतच नव्हत्या. त्या पहिल्या रांगेकडे बघून हसत होत्या, आणि कासिमभाई रुमाल खिशात ठेवत होते.

त्याच आठवड्यात लेख दुरुस्त झाला. तळाशी संदर्भ म्हणून आमच्या सत्काराची बातमी आहे. तिसरी जागा सध्या रिकामी आहे. त्या बाईंचं नाव भाभींना पाठ आहे, पण छापील पुराव्यासाठी आता तिकडच्या सोसायटीनंही त्यांचा सत्कार करायला हवा.