दोन गेटांची नावं

संशय यायला मला फार वेळ लागत नाही. वाळूजच्या कारखान्यात फायरवॉल सांभाळताना तर हा स्वभाव मला गुणच वाटायचा. कुठल्या कॉम्प्युटरला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं, हे ते मशीन आम्ही लिहिलेल्या फाईलप्रमाणं ठरवायचं.

दुष्काळाचे दिवस होते. शहर चहूकडं वाढत होतं अन् कारखाना टँकरवर चालत होता. टँकर एका गेटनं आत यायचे, दुसऱ्यानं बाहेर पडायचे, अन् कॉम्प्युटरवरून पास निघाल्याशिवाय गेट उघडायचं नाही. दोन्ही गेटांवरच्या कॉम्प्युटरना आमच्या फाईलमध्ये नुसते आकडे होते. मी हौसेनं इंग्रजीत नावं दिली, ‘इन’ आणि ‘आऊट’. सगळे तसंच तर म्हणायचे.

चार दिवसांनी भर दुपारी लाईट गेली. परत आली तेव्हा एकही पास निघेना. टँकरची रांग पार रस्त्यावर गेली. कँटीनच्या टाकीत ठणठणाट अन् शिफ्टची माणसं बाटल्या घेऊन आमच्यावर ओरडायला लागली.

माझी नजर थेट शेजारच्या टेबलावर. तिथं माझा सहकारी बसायचा, कंत्राटावरचा, रोज पैठणहून एसटीनं येणारा. आम्ही दोघं एकाच पासवर्डनं मशीनमध्ये शिरायचो. अशीच रीत होती, त्यामुळं कुणी काय केलं ते कळायचं नाही. सकाळीच तो चिडून म्हणाला होता, “धरण आमच्या उशाशी, अन् आमच्या गल्लीत पाणी नाय. इथं मात्र लॉनलाबी टँकर!” मला ते आठवलं अन् झालं, डोक्यात पक्कं बसलं.

“मशीनला हात लावला का तू?”

“नाय रे. आज उघडलंसुद्धा नाय.”

“खरं सांग.”

“आईशप्पथ!”

एवढ्याशा गोष्टीला शपथ कशाला, म्हणून माझा संशय उलट वाढला. मी तडक साहेबांकडं गेलो. त्यांनी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं, उद्यापासून येऊ नको म्हणाले. तो डबा पिशवीत घालून निघून गेला.

मग कुठं मी स्क्रीनवरची चूक दाखवणारी ओळ नीट वाचली. ‘इन’ आणि ‘आऊट’ हे शब्द मशीननं स्वतःच्या हुकमांसाठी राखून ठेवलेले. कुणी ते नाव म्हणून वापरले की मशीन अख्खी फाईलच नाकारतं. चार दिवस ते जुन्याच नियमांवर चालत होतं. लाईट जाऊन परत चालू झाल्यावर माझी फाईल पहिल्यांदा वाचायला गेलं अन् अडलं; नियमच नाहीत म्हणून कुणालाच जाऊ देईना. मी नावं बदलली. दोन मिनिटांत पास निघायला लागले.

तसाच उठलो. साहेबांना सांगितलं, “चूक माझी होती.” ते म्हणाले, “मग बोलवा त्याला.” फोन मीच केला. तो फक्त “बरं” म्हणाला.

सकाळी तो आला. मी माफी मागितली.

“असू द्या,” म्हणाला अन् कॉम्प्युटर चालू केला. पासवर्डची चौकट आली तसे त्यानं कीबोर्डवरचे हात उचलले अन् खुर्ची जरा बाजूला सरकवली.

“सर, इथं उभे राहा. मी काय टाइप करतो ते बघत राहा.”

तो तिथं होता तोवर, मी मागं उभा राहिल्याशिवाय त्यानं त्या मशीनची एकही की दाबली नाही.