योहानभाऊंचा दुसरा बाप्तिस्मा

मंडळी, आज दुपारी योहानभाऊंच्या घरी कडावला प्रार्थनेला न आलेल्यांसाठी हे चर्चच्या फळ्यावर लिहितोय. वाचा आणि हळहळा.

लेकीनं कशेळ्याच्या बौद्ध मुलाशी लग्न केल्यापासून भाऊ तिच्याशी बोलत नाहीत. आज ती तान्हं बाळ घेऊन दारात उभी राहिली. भाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पाळक म्हणाले, "भाऊ, मोडलेल्या माणसालाच देव नवा करतो."

भाऊ गुरगुरले, "मी मोडेन, पण वाकणार नाय."

"वाका कोण म्हणतंय? मोडा की."

भाऊंच्या बायकोनं, मार्थाकाकूंनी, आतून भर घातली, "लग्नापासनं हेच ऐकते हाय. मोडायचा मुहूर्त काय निघत नाय."

सगळे हसले. भाऊ मात्र हुंदके देऊन रडायला लागले. लेकीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळानं तत्काळ त्यांचं धोतर भिजवलं.

काकू म्हणाल्या, "झाला तुमचा दुसरा बाप्तिस्मा."

लेक बाळाला उचलायला वाकली, तर भाऊ म्हणाले, "राहू दे गं. माझ्याकडंच राहू दे."

आपल्या मंडळीत ताठ मानेचे अजून बरेच आहेत. पुढची प्रार्थना कुणाच्या घरी ठेवायची?