छातीतली गुरगुर

माझी वेणी घालून झाली की आई माझ्या छातीवर तळवा ठेवायची. वडूजजवळच्या आमच्या घरातला हा रोजचा नेम. जन्मापासूनच माझ्या हृदयातल्या पडद्याला भोक होतं, त्यामुळे हाताला मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. ती लागली की आई म्हणायची, "हाय गं बया, जागेवर हाय," आणि मला शाळेत सोडायची. डॉक्टर त्या थरथरीला वाईट म्हणत. आईला मात्र ती माझ्या जिवाची खूण वाटायची.

वडील लष्करात. दहाव्या वर्षी पुण्याच्या लष्करी दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं, भोकावर ठिगळ बसवलं. घरी आल्यावर जखम सुकली तशी आईनं पुन्हा हात ठेवला आणि तिचा चेहराच उतरला.

"आवं, काळीज मुकं झालंय पोरीचं!"

"आगं, बरं झालंय त्ये. डागदर काय खोटं बोलत्यात व्हय?" रजेवर आलेले वडील म्हणाले. पण आईपुढं लष्कराचं काही चालत नसे. माझी शाळा बंद, लंगडी बंद, झोका तर बंदच. आजारी होते तेव्हा शाळेत जात होते आणि बरी झाले तर अंथरुणात! मी येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायची.

सहा महिन्यांनी तपासणीला बोलावलं. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि त्या दवाखान्यात नवं यंत्र आलं होतं, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजानं हृदय दाखवणारं. डॉक्टरीणबाईंनी मला डाव्या कुशीवर निजवलं, छातीला गार मलम फासलं आणि जाड पेन्सिलीएवढी कांडी फासळ्यांमध्ये टेकवली. काचेवर चमकत्या रेषा वरखाली होऊ लागल्या. माझा पाय धरून उभ्या असलेल्या आईच्या बांगड्या किणकिणत होत्या.

"ही ठिगळाची रेष. घट्ट बसलंय. आणि हा डावा कप्पा ताणून मोठा झाला होता ना, तो आता आकसलाय. हृदय छान जोरात चाललंय. पळू द्या हिला."

"मग ती गुरगुर कुटं गेली, बाई? धा वरसं रोज हाताला लागायची."

"अहो, भोकातून रक्त उसळायचं, त्याची थरथर होती ती. भोक बुजलं, थरथर थांबली."

"म्हंजी इतकी वरसं मी त्या भोकालाच कुरवाळत हुते व्हय?"

बाई हसल्या. आई नाही हसली, तिच्या डोळ्यांना धार लागली. सहा महिने साठवलेला माझा राग तिथंच विरला. मला तिची इतकी माया आली की मी पडल्यापडल्याच तिचा हात धरला.

बाहेर आलो. समोर जिना दिसला आणि मी सुटलेच. दोन मजले चढल्यावर मात्र जुन्या धाकानं थांबले, कठड्यावरून खाली डोकावले. आई सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती, पदर डोळ्यांना लावून. आता ओरडणार, असं मला वाटलं.

"थांबलीस का गं?" ती खालून म्हणाली. "पळ की. मी हाय हितं."