मेंदीच्या कुंपणात

चुरडलेल्या मेंदीचा हिरवट वास काल पुन्हा नाकात शिरला आणि भिलाईतल्या आमच्या क्वार्टरमागचं मैदान आठवलं. बाबा प्लांटमध्ये क्रेनवाल्याला खालून हाताच्या खुणा करायचे. मला मोटरसायकलही तशीच शिकवत होते, लांब उभं राहून, न बोलता. क्लच सोडला, गाडी निघाली. समोर कुंपण आलं तसा बाबांनी तळहात जमिनीकडे करून हात आडवा हलवला. मला वाटलं, लांबूनच पाठीवरून हात फिरवून शाबासकी देतायत. मी रेस वाढवली आणि गाडीसकट मेंदीत शिरले. "थांब म्हणून सांगून राहिलो होतो ना तुले," बाबा धापा टाकत म्हणाले. दारातून आई म्हणाली, "मंग तोंड कावून नाही उघडलं?" काल लेकीला स्कूटर शिकवताना मी ओरडायचं अगदी पक्कं ठरवलं होतं; ऐन वेळी माझाही हात आडवाच हलला.