मालनताईंच्या चार ओळी

लालबागच्या त्या चाळीत कोंडीराम लिहून पोट भरायचा, आणि हे कुणाला खरंच वाटत नसे. गिरणी नाही, हापीस नाही, महिन्याचा पगार नाही. एका खोलीत एकटा माणूस, चिमी नावाचं एक मांजर आणि कागदच कागद. "भाऊ, तुम्ही नक्की करता काय?" असं शेजारची सुंदराक्का दर सणाला विचारायची. तो हसून सांगायचा, "जो छापील त्याच्यासाठी लिहितो." सभेची बातमी, साबणाची जाहिरात, कुणाचं मानपत्र, जे मिळेल ते.

मांजर पाळून लिहिणं म्हणजे गंमत नव्हे, बरं का. कोंडीराम ते ठेचा खाऊन शिकला होता. शाईची दौत तांब्यात ठेवावी, म्हणजे शेपटीनं कलंडत नाही. लिहायला बसण्याआधी सुक्या बोंबलाचं डोकं घालावं, नाहीतर मांजर आपलं डोकं खातं. शेजारी जुनं धोतर पसरावं, नाहीतर चिमी नेमकी चालू ओळीवर येऊन बसायची. आणि लिहून झालेले कागद पाटाखाली, पाटावर आपण. हे सगळं अस्सल, अनुभवाचं. पण हे कोण छापणार?

गिरगावातल्या एका साप्ताहिकाला हवे होते बायकांसाठी घरगुती सल्ले. झालं, हा सडाफटिंग बाप्या 'मालनताई' झाला. चाळीत पत्ता नाही कुणाला. सुरुवातीला बिचारा चारचौघींना विचारून लिहायचा. पुढे सरावला. छापखान्यात पान जुळवताना दत्ताराम कंपोझिटर समोर येऊन उभा राही आणि म्हणे, "मालनताई, चार ओळी कमी पडतात." मग कोंडीराम स्टुलावर बसल्या बसल्या मनानंच चार ओळी ठोकून देई. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

सत्तावन्न साल उजाडलं, निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी परळ-लालबाग नुसतं घुमत होतं. साप्ताहिकानं खास अंक काढायचं ठरवलं आणि कोंडीरामला छापखान्यातच मुक्कामाला ठेवून घेतलं. चिमी नुकतीच व्यायली होती. खोलीची किल्ली सुंदराक्काकडे देऊन तो म्हणाला, "अक्का, हिला तेवढं जपा."

अंक निघाला, कोंडीराम घरी आला, तर दार उघडंच. चिमी फरशीवर आडवी. पाय झटके देत होते, तोंडातून लाळ गळत होती. खोक्यात पिल्लं भुकेनं ओरडत होती आणि सगळ्या खोलीत कापराचा वास. शेजारी तेलाची वाटी घेऊन सुंदराक्का बसलेली, चेहरा पांढराफटक.

"पिसवा झाल्या होत्या हिला," ती म्हणाली. "म्हणून खोबरेलात कापूर विरघळवून चांगला चोळला. पिल्लांनाही लावणार होते, तेवढ्यात ही पडली."

"कापूर? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मालनताईंनी. छापून आलंय, भाऊ."

कोंडीरामच्या तोंडचं पाणी पळालं. तो दिवस त्याला लख्ख आठवला. दत्ताराम समोर उभा होता, चार ओळी कमी होत्या आणि त्यानं स्टुलावर बसून कापूर लिहिला होता. घरात मांजर असून स्वतः कधी लावून पाहिला नव्हता. त्याला स्वतःची किळस आली.

धोतरात चिमीला गुंडाळून तो परळच्या जनावरांच्या दवाखान्याकडे धावला. मागून सुंदराक्का. डॉक्टरांनी साबणानं आणि कोमट पाण्यानं चिमीचं अंग धुऊन काढलं, सुई टोचली. "कापूर मांजराला विष असतं," ते म्हणाले. "पिल्लांना लावला असता तर एकही उरलं नसतं." कोंडीराम बाकावर बसून राहिला. बऱ्याच वेळानं चिमीचे झटके थांबले, तिनं मान उचलली आणि त्याच्या बोटाचा वास घेतला. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

परतताना अक्काच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "त्या मालनला गाठणार आहे मी. म्हणावं, बये, मांजर पाळलंस का कधी?"

कोंडीराम भर रस्त्यात थांबला. "अक्का, मालनताई मीच."

ती आधी हसली. मग त्याचा चेहरा पाहून हसायची थांबली. आता ही चार शिव्या हासडणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण अक्कानं अगदी हळू आवाजात विचारलं, "गेल्या आठवड्यातलं जायफळाचं? तेही तुम्हीच?"

"तेही."

"बाळ रडत असेल तर अर्धं जायफळ उगाळून पाजा, ते?"

"चार ओळी कमी होत्या, अक्का."

सुंदराक्काची लेक जाई बाळंतपणाला आलेली. तिचं पोर सारखं रडायचं. "आम्ही आपले सहाणेवर दोन वेढे उगाळून देतो," अक्का म्हणाली, "माझ्या आईनं तेवढंच दिलं, मीही तेवढंच दिलं. पण ताईंनी अर्धं छापलंय. म्हटलं, शिकलेली बाई, तिला जास्त कळत असेल. जाईला सांगून आले मघाशी, आज दे म्हणून."

अक्का चाळीकडे वळली. पदर खोचला आणि धावत सुटली. साठीची बाई, पण कोंडीरामला गाठता येईना. छातीशी चिमीला धरून तो मागे धापा टाकत होता, आणि त्याला फक्त सहाणेवर जायफळ घासल्याचा आवाज ऐकू येत होता.

अक्काच्या दारात पोचला तेव्हा जाई भिंतीला टेकून बसली होती. समोर सहाण, वाटीत दाट तपकिरी उगाळ आणि त्यात बुडवलेला चमचा. बाळ मांडीवर रडत होतं. अक्कानं वाटी उचलली आणि मोरीत पालथी केली. "दिलंस का थोडं तरी?" तिनं विचारलं.

"नाही गं," जाई गोंधळून म्हणाली, "हे आत्ता देतच होते."

अक्का मोरीच्या कठड्यावर बसली. मग तिनं कोंडीरामकडे पाहिलं. तिला राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"आमचं पोर वाचलं, भाऊ," ती म्हणाली. "पण तुमचा तो अंक किती घरी जातो हो?"

कोंडीरामनं चिमीला तिच्या पिल्लांपाशी ठेवलं आणि पायातली चप्पल न काढताच तो पुन्हा गिरगावच्या छापखान्याची वाट चालू लागला.