न चाखलेलं पान

बातमी लिहिताना मी प्रत्येक गोष्ट दोघांकडून तपासून घ्यायचे. ही गोष्ट मात्र एकालाही सांगितलेली नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

रेवदंड्याजवळ, खाडीला लागून आमचं गाव. भातशेती आणि खारं पाणी यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. पायथ्याशी तिवराची झाडं असली की लाटांचा मार ती झेलतात. आमच्या बांधाखालची उधाणात वाहून गेली, तेव्हा शेजारच्या यमुनाकाकीने नवी लावायचं ठरवलं. बी तिने वेचलं. पिशव्यांत रोपं वाढवायचं काम मी मागून घेतलं.

रीत साधी. दर काही दिवसांनी पिशव्या खाडीकडे थोड्या खाली सरकवायच्या, म्हणजे भरतीची सवय हळूहळू होते. तिवर मीठ शोषतं आणि पानावाटे बाहेर टाकतं. म्हणून लावणीआधी पान जिभेला लावायचं — खारट लागलं, तर रोप तयार.

चिखलात उतरायचा मला कंटाळा होता. हो, कंटाळाच — दुसरं काय नाव देऊ? पिशव्या विहिरीजवळ ठेवल्या आणि गोडं पाणी घातलं. रोपं इतकी टवटवीत झाली की माणसं बघायला आली.

लावणीच्या सकाळी भरतीचं पाणी चढू लागलं होतं. काकी गुडघाभर चिखलात उभी. "चाखलंस का गो, बाय?"

"व्हय. खारट हाय."

"मंग दे हिकडं. पेपरवाली काय खोटं बोलंल?" बायका हसल्या. मीही.

पुढच्या उधाणात रोपं बुडाली. पानं पिवळी पडली, मग काळी, मग गळाली. कुणी म्हणालं, बीच किडकं. कुणी म्हणालं, काकीच्या हाताला आता गुण न्हाय. पुढची लावणी दुसऱ्या कुणाकडे द्यायचं ठरलं. मी तिथेच बसले होते. बोलले का? नाही. "माझंच चुकलं आसंल," काकी म्हणाली आणि उठून गेली.

तरी तिने पुन्हा बी वेचलं — स्वतःच्या शेताच्या बांधापुरतं — आणि मदतीला मलाच हाक मारली. चिखलात पाय कसा टाकायचा, रुतला तर कसा सोडवायचा, सगळं शिकवलं. ती रोपं जगली. आज माझ्या खांद्याला लागतात. त्यांच्या मुळांच्या खुंट्यांमधून निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारतात. त्या निवट्यांचं पहिलं कालवण तिने माझ्याकडे पाठवलं. या गावात मला जे काही मिळालं, ते या बाईमुळे. एवढं कुणी कुणाला देतं?

फक्त, तेव्हापासून ती मला चाखलंस का म्हणून विचारत नाही. पान तोडून हातात देते, आणि मी जिभेला लावेपर्यंत बघत उभी राहते.

परवाही दिलं. खारट होतं. तसं म्हटलं.

तेव्हा चाखलंच नव्हतं — हे म्हटलं नाही.